भिवंडीत रोबोट येऊ द्यात, पण वेग कुणी ठरवायचा?

गोदामातल्या रोबोटचा व्हिडिओ कुठल्याही ग्रुपवर पडला की खालचं भांडण ठरलेलं असतं. जमिनीलगतचं एक चपटं यंत्र सरकत येतं, मालाने भरलेल्या उभ्या कपाटाखाली शिरतं, आख्खं कपाट उचलून घेऊन जातं, आणि लगेच एक पार्टी म्हणते संपलं, गरिबाच्या पोटावर पाय आला, तर दुसरी म्हणते बरं झालं, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याच्या नावाखाली गेटवर मागितले जाणारे पैसे) आणि युनियनबाजीतून सुटका होईल. दोघंही तावातावाने भांडतात, पण रोबोट आला म्हणजे माणूस गेला हे दोघांनीही धरूनच चाललंय, एकाला त्याचं दुःख आणि दुसऱ्याला आनंद, एवढाच काय तो फरक. मला हे मुळातच पटत नाही. भिवंडी, चाकण, बुटीबोरीच्या गोदामांतून माणूस इतक्यात कुठे जात नाहीये. जाणार आहे ती त्याच्या कामाचा वेग ठरवण्याची थोडीफार मुभा, जी आजवर त्याच्याकडे आणि फारतर मुकादमाकडे होती. त्यामुळे भांडायचंच असेल तर वेगाचा आकडा कोण ठरवतं आणि त्या वेगातून सुटणारा पैसा कुणाकडे जातो यावर भांडलं पाहिजे. आणि त्यासाठी लागणारा कायद्याचा सांगाडा, म्हणजे हमालांसाठीचा माथाडी कायदा, महाराष्ट्राकडे १९६९ पासून पडून आहे.

आधी हे रोबोट आले कशासाठी ते बघू. ॲमेझॉनने मार्च २०१२ मध्ये किव्हा सिस्टिम्स नावाची कंपनी ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली, तिथून हे कपाट उचलणारे रोबोट जगभर माहीत झाले, आणि जुलै २०२५ मध्ये त्या कंपनीने आपल्याकडे १० लाख रोबोट झाल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत मजुरी महाग, माणसं टिकत नाहीत, तिथलं गणित समजू शकतो. पण आपल्याकडे? आपल्याकडे ठेकेदाराकडून येणारा माणूस इतका स्वस्त पडतो की निव्वळ मजुरी वाचवायला रोबोट घेणं बऱ्याच ठिकाणी परवडतच नाही. तरीही रोबोट येतायत. फ्लिपकार्टने २०१९ मध्येच बेंगळुरूजवळच्या सॉर्टिंग सेंटरमध्ये शंभराच्या वर छोटे रोबोट उतरवले, ते पार्सल पाठीवर घेतात आणि पिनकोडप्रमाणे त्या त्या भोकात टाकतात. नोएडाच्या ॲडव्हर्ब या रोबोट बनवणाऱ्या कंपनीत रिलायन्सने जानेवारी २०२२ मध्ये १३.२ कोटी डॉलर घालून बहुसंख्य हिस्सा घेतला. गुरुग्रामची ग्रेऑरेंज आहे, पुण्यातली अनबॉक्स रोबोटिक्स आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवायची गरज संपली, छोटी छोटी गोदामं जाऊन मोठी झाली, आणि मोठ्या गोदामात दिवाळी सेलच्या आठवड्यात माल अडकू नये, चुकीच्या ट्रकमध्ये जाऊ नये, रात्री दोनचं पार्सल सकाळी सातला निघावं, यासाठी यंत्र लागतं. म्हणजे आपल्याकडे रोबोट येतो तो मुख्यतः वेगासाठी, आणि जे वेगासाठी आणलं जातं ते आजूबाजूच्या माणसांनाही आपल्या वेगाला जुंपतं.

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मी मनापासून मान्य करतो. हमालीत गौरव करण्यासारखं काही नाही. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाचे गुडघे आणि मणके चाळिशीत कसे होतात हे ज्यांनी घरात बघितलंय ते कुणीही 'हे काम वाचवा' म्हणणार नाहीत. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, पंखा नाही, आणि थप्पी लावायची सातव्या थरापर्यंत. ते काम यंत्राने घेतलं तर मला आनंदच आहे. मोठ्या गोदामात पिकरला, म्हणजे ऑर्डरचा माल काढणाऱ्याला, दिवसभर माल शोधत मैलोन्मैल चालावं लागतं, तेही यंत्राने वाचवलं तर चांगलंच. रोबोटला सरसकट विरोध करणाऱ्यांना मला विचारायचंय की तुमच्या मुलाला हे काम करायला पाठवाल का? नसाल पाठवणार, तर दुसऱ्याच्या मुलाने ते करत राहावं असा आग्रह कशासाठी धरता?

पण चालणं वाचलं म्हणजे श्रम वाचले का, इथे खरी गोम आहे. कपाट माणसापाशी यायला लागलं की माणूस एकाच ठरलेल्या जागी उभा राहतो. कपाट येतं, कुठल्या खणातून काय घ्यायचं ते स्क्रीनवर किंवा लाइटने दिसतं, घेतलं, स्कॅन केलं, टोटमध्ये, म्हणजे खोक्यात, टाकलं, तोवर पुढचं कपाट रांगेत उभंच. पूर्वी दोन वस्तूंच्या मधे जे चालणं होतं ते थकवणारं होतं खरं, पण त्यात पाठ सरळ व्हायची, बाजूच्याशी दोन शब्द बोलणं व्हायचं, पाणी पिता यायचं. ती सगळी फट बुजली. अमेरिकेत 'रिव्हील' या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये ॲमेझॉनच्या अंतर्गत नोंदी मिळवून छापलं की रोबोट असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचं प्रमाण रोबोट नसलेल्या गोदामांपेक्षा जास्त होतं, कारण जो पिकर पूर्वी तासाला शंभरच्या आसपास वस्तू काढत होता त्याच्याकडून रोबोट आल्यावर तीनशे-चारशेची अपेक्षा व्हायला लागली. कंपनीने तो निष्कर्ष मान्य केला नाही हेही नमूद करतो. पण विचार करा, तेच खांदे आणि तीच मनगटं तासाला तिपटीने तीच हालचाल करणार असतील तर काय होईल हे सांगायला डॉक्टर लागतो का?

माझ्या ओळखीतला मुरबाडकडचा एक मुलगा भिवंडीच्या पट्ट्यात एका गोदामात ठेकेदारामार्फत पिकिंगला आहे, कंपनीचं नाव नको. त्याच्याकडे हातातला स्कॅनर असतो आणि दोन स्कॅनमधलं अंतर ठरावीक मिनिटांच्या वर गेलं की ती मिनिटं 'आयडल', म्हणजे रिकामी, म्हणून त्याच्या नावावर पडतात. संडास इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो मला म्हणाला, "दादा, सुपरवायझर शिव्या द्यायचा तेव्हा बरं होतं, त्याला सांगता तरी यायचं की कॉन्व्हेअर बंद होता, आता सांगायचं कुणाला?" आणि त्याच्या गोदामात अजून एकही रोबोट नाही बरं का. २०२४ च्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, मानेसरच्या ॲमेझॉनच्या गोदामात टार्गेट पूर्ण होईपर्यंत पाणी प्यायला किंवा लघवीला जाणार नाही अशी शपथ कामगारांकडून घेतल्याची बातमी आली होती, जूनमध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याची स्वतःहून दखल घेतली, कंपनीने तो एकट्यादुकट्या मॅनेजरचा प्रकार असल्याचं म्हटलं. असेल तसं. पण तिथेही मूळ यंत्रात नव्हतं, टार्गेटचा आकडा वरून येतो आणि खालच्या माणसाला त्यावर बोलायची सोय नसते, यात होतं. रोबोट येतो तेव्हा हा आकडा मॅनेजरच्या डोक्यातून निघून सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसतो आणि मग तो निसर्गनियम असल्यासारखा वाटायला लागतो.

हे मुंबईला नवीन नाही. १९२८ चा गिरणी संप आठवा, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला, दीड लाखाच्या आसपास कामगारांचा. गिरण्यांत यंत्रं येऊन तेव्हा कित्येक दशकं उलटली होती, मागाला कुणाचा विरोध नव्हता. वाद पेटला तो विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत आणि सूतकताईतल्या माणसाने यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू बघाव्यात या योजनेवरून, जिला मालक कार्यक्षमता म्हणत होते. मालकांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, जपानी कापडाशी स्पर्धा होती. पण तिसरा माग दिल्यावर दुसऱ्या विणकराचं काय, तीन माग बघणाऱ्याची मजुरी किती, सूत खराब आलं आणि धागा सारखा तुटला तर नुकसान कुणाचं, हे सगळं एकाच बाजूने ठरवलं जात होतं. शेवटी सरकारला न्यायमूर्ती फॉसेट यांची समिती नेमावी लागली. समितीचे सगळे निष्कर्ष कामगारांच्या बाजूचे होते असं नाही, पण एका माणसाने किती माग बघायचे हा चर्चेचा, पुराव्याचा, सुनावणीचा विषय आहे हे तरी मान्य झालं. याच्या उलट चित्र बघायचं तर भिवंडीतच बघा. तिथल्या यंत्रमागांवर संघटना टिकली नाही, सुनावणी नाही, आणि कारागीर बारा बारा तासांच्या पाळीत सहा-आठ माग एकटा बघतो, तेही मीटरवर पैसे. यंत्राने माणसाला घालवलं नाही तिथे, फक्त एका माणसाच्या वाट्याला किती यंत्रं यावीत याला कुणी लगामच घातला नाही. त्याच भिवंडीत, त्याच जमिनीवर आता गोदामं उभी राहिलीत. तेव्हा नियम कुठून तरी आपोआप येईल अशी आशा करायला माझ्याकडे काही कारण नाही.

'पण नोकऱ्या तर वाढल्या ना?' हा पुढचा प्रश्न, आणि बरोबर आहे, वाढल्या. किव्हा घेतली तेव्हा, २०१२ च्या शेवटी, ॲमेझॉनकडे जगभरात ८८ हजारांच्या आसपास माणसं होती, दहा वर्षांत तो आकडा १५ लाखांच्या पुढे गेला. रोबोटमुळे डिलिव्हरी स्वस्त आणि जलद झाली, त्यामुळे लोकांनी जास्त मागवलं, जास्त मागवल्यामुळे जास्त माणसं लागली. 'पोटावर पाय' म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं. पण याचा अर्थ ते कायम असंच चालेल असाही होत नाही, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून बातमी दिली की २०३३ पर्यंत अमेरिकेत ६ लाखांहून जास्त नव्या भरत्या टाळता येतील असा अंदाज आत बांधला जातोय. कंपनीने त्यावर ही कागदपत्रं अपुरं चित्र देतात असं सांगितलं. मला यातून एवढंच घ्यायचंय की नोकऱ्यांची संख्या वाढेल की घटेल यावर पैजा लावत बसण्यात अर्थ नाही, ते मागणीवर ठरतं, मंदीवर ठरतं, आपल्या हातात नाही. नोकरी जी काही असेल ती माणसाने करण्याजोगी असावी एवढं मात्र आपल्या हातात आहे.

आता शेवटच्या मैलाकडे येतो, म्हणजे गोदामातून किंवा डार्क स्टोअरमधून (फक्त ऑनलाइन ऑर्डरसाठीच्या वस्तीजवळच्या छोट्या गोदामातून) निघालेली पिशवी आपल्या दारात येते तो टप्पा. इथे तर 'रोबोट माणसाला हटवणार' हे भाकीत सरळसरळ फसलंय. फुटपाथवरून चालणारा ॲमेझॉनचा स्काउट आणि फेडेक्सचा रॉक्सो, दोन्ही प्रकल्प २०२२ मध्ये गुंडाळले गेले, आणि तेही अमेरिकेत, जिथे फुटपाथ नावाची गोष्ट अस्तित्वात आहे. एस्टोनियातून आलेल्या स्टारशिपचे छोटे रोबोट चालतात, पण ते मुख्यतः विद्यापीठांच्या आवारात नाहीतर शांत निवासी भागात. डोंबिवलीत लिफ्ट बंद असलेल्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर, खाली वॉचमनशी बोलून, 'मागच्या जिन्याने या' असं ऐकून वर येणारं यंत्र मला तरी नजीकच्या काळात दिसत नाही. म्हणजे रायडर राहणार. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालातला अंदाज होता की देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार, म्हणजे पक्की नोकरी नसताना कामागणिक पैसे घेणारे, होते आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील.

मग इथे ऑटोमेशन कुठे झालं? मुकादमाच्या जागी झालं. ऑर्डर कुणाला द्यायची, किती मिनिटं द्यायची, कुठल्या स्लॉटला किती इन्सेन्टिव्ह, कुणाचा आयडी ब्लॉक करायचा, हे सगळं ॲप करतं. गोदामात रोबोट जितका वेग वाढवतो तितका त्याचा दाब शेवटी मोटरसायकलवरच्या माणसावर येतो, कारण आत दोन मिनिटांत पॅक झालेली ऑर्डर बाहेर पावसात, खड्ड्यांत, सिग्नलला अडकते, आणि ग्राहकाला दाखवलेलं घड्याळ तर थांबत नाही. लोक म्हणतात, जबरदस्ती आहे का, नको असेल तर लॉग आउट करा. हा मुद्दा मी उडवून लावत नाही, पुष्कळ पोरांना खरोखरच वेळेची मोकळीक हवी असते, कॉलेज करून संध्याकाळी चार तास गाडी चालवणारे मी बघतो. पण मोकळीक लॉग इन करेपर्यंतच आहे. एकदा ऑर्डर घेतली की रस्ता, वेळ, दर सगळं समोरून येतं आणि दर उद्या बदलला तर विचारायची जागा नाही. चीनमध्ये नेमकं हेच वाढत गेलं, डिलिव्हरीची मिनिटं दर वर्षी कमी होत गेली, रायडर उलट दिशेने गाड्या हाकायला लागले, आणि जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारी खात्यांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या की अल्गोरिदमने काढलेला सगळ्यात कडक आकडा हा मूल्यमापनाचा निकष धरायचा नाही, मध्यम धरायचा, वेळेची मुदत सैल करायची. तिथल्या अंमलबजावणीबद्दल शंका घ्यायला पूर्ण जागा आहे. पण मिनिटांचा आकडा ही सरकारने हात घालण्याजोगी गोष्ट आहे हे त्यांनी कागदावर तरी आणलं. आपल्याकडे तासांवर चर्चा होते, सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उद्योगांत रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ करायला मंजुरी दिली त्यावर बरंच बोललं गेलं. त्या तासाच्या आत किती कोंबायचं यावर मात्र कुणी बोलत नाही.

म्हणून मला माथाडी कायदा पुन्हा उघडून बघावासा वाटतो. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ मध्ये आलेल्या या कायद्याने एक अवघड गाठ सोडवली होती. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवतो, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी तिसऱ्याचा, मग त्याचा मालक कोण? कायद्याने तो वादच बाजूला ठेवला. कामगार मंडळाकडे नोंदवायचा, मालकही नोंदवायचे, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मालकाने द्यायची ठरावीक टक्के जादा रक्कम, मंडळात भरायची, आणि प्रॉव्हिडंट फंड, बोनस, दवाखाना मंडळाने बघायचं. मंडळावर तिन्ही बाजूंची माणसं, दर बसून ठरवायचे. आता बघा, दिवसात तीन ॲपवर काम करणाऱ्या रायडरची गाठ हीच नाही का? राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला तो याच वाटेने, मंडळ, नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारामागे शुल्क. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे आहेत, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. चांगलं आहे. पण त्या निधीतून अपघातानंतरचे पैसे मिळतील, अपघात ज्या मिनिटांमुळे होतो ती मिनिटं ठरवताना रायडर कुठेच नसेल. माथाडी मंडळात दर ठरवताना हमालाचा प्रतिनिधी समोर बसायचा, तो भाग कुणी उचललेला नाही.

माथाडीचं नाव घेतलं की लगेच कपाळाला आठ्या पडतात हे मला माहितीय, आणि त्या बिनकारण नाहीत. काम न करता वाराई मागणाऱ्या टोळ्या, बोगस युनियनची लेटरहेडं, चाकणच्या कारखानदारांच्या तक्रारी, ट्रकवाल्यांची अडवणूक, हे सगळं घडलंय, आणि यात सगळ्यात जास्त बदनाम झाला तो खरा घाम गाळणारा माथाडी. पण खंडणी मागणाऱ्यावर खंडणीचा गुन्हा दाखल करा ना, त्यासाठी मंडळाची कल्पना कशाला बुडवायची? शिवाय वाराई जिथे फोफावली तिथे व्यवहार रोखीत आणि गेटवर होता. ॲपवरच्या प्रत्येक ऑर्डरची आणि स्कॅनरच्या प्रत्येक टिकटिकीची नोंद असते, तिथे लेव्ही थेट कापून मंडळात जाऊ शकते, मधल्या दादाला शिरायला वावच राहत नाही. ज्या तंत्रज्ञानाने कामगारावर नजर ठेवता येते त्यानेच त्याच्या हक्काचा पैसाही मोजता येतो.

आणि गुंतवणूक गुजरातला पळेल? गोदामं पळत नाहीत हो सहजासहजी. भिवंडीत ती आली तीच मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर पण मुंबईला खेटून म्हणून, आणि दहा मिनिटांत किंवा त्याच दिवशी डिलिव्हरी द्यायची असेल तर वापीत बसून ठाण्याला देता येत नाही. वेगाचा धंदा जितका वाढेल तितकं गोदाम ग्राहकाजवळ अडकत जाईल. मात्र नुसता अडवून धरण्याचा रस्ता मला मान्य नाही, त्याचं काय होतं हे कंटेनरने दाखवलंय. १९५६ मध्ये 'आयडियल एक्स' जहाज ५८ पेट्या घेऊन निघालं तेव्हापासून जगभरच्या गोद्यांमधली हमाली आटत गेली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या युनियनने १९६० मध्ये करार केला की यंत्रं आणा, पण त्या बदल्यात मालक दर वर्षी ५० लाख डॉलर निधीत भरतील, त्यातून लवकर निवृत्ती आणि कामाची हमी. त्या करारातही खोट होती, नव्याने आलेल्या तरुणांना त्याचा फायदा फारसा मिळाला नाही आणि १९७१ मध्ये संप झालाच. तरी यंत्रातून वाचलेल्या पैशात हिस्सा मागणं ही मागणी तिथे मान्य झाली. इकडे मुंबई बंदरातून काम हळूहळू न्हावाशेव्याला गेलं, १९८९ पासून, आणि जुन्या गोदी कामगाराच्या पोराला त्या नव्या क्रेनवर जागा मिळाली का, हे विचारणारं फारसं कुणी उरलं नाही.

करायला काय हवं ते फार अवघड नाही. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला, गोदामातल्या कामगाराला त्याचा कोटा लेखी द्यायचा आणि जेवण, विश्रांती, संडास यांच्या आड येणारा कोटा चालणार नाही. २०२४ मध्ये तिथल्या कामगार आयुक्तांनी या कायद्याखाली ॲमेझॉनला दोन गोदामांसाठी सुमारे ५९ लाख डॉलरचा दंड ठोठावला, कंपनीने तो अमान्य केला. आपल्या राज्यात निदान एवढं तरी व्हावं: टार्गेट मराठीत आणि हिंदीत भिंतीवर लागावं, आयडल मिनिटं कशी मोजतात ते कामगाराला सांगावं, रोबोट बसवून टार्गेट वाढवायचं असेल तर ते मंडळासमोर यावं आणि वाढीव वेगाचा वाटा मजुरीत दिसावा.

आणि नव्या जागा कुणाला मिळणार हे आत्ताच ठरलं पाहिजे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी विचारलं होतं की जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरू का देत नाहीत, आणि तेव्हाच्या पुढाऱ्यांना तो प्रश्न गैरसोयीचा वाटला होता. आज रोबोटच्या देखभालीच्या, बॅटरीच्या, सेन्सरच्या जागा निघतायत, त्या डिप्लोमावाल्यांना बाहेरून आणून भरल्या जातायत, आणि आठ वर्षं त्याच जमिनीवर थप्प्या लावलेला शहापूर-मुरबाडचा माणूस, पॅकिंगला बसणारी बाई, ठेकेदाराच्या यादीतच राहतात. भिवंडी-शहापूरच्या आयटीआयमध्ये संध्याकाळच्या बॅचेस काढा, त्यांचा खर्च लेव्हीतून करा, शिकायच्या तासांची मजुरी द्या, आणि रोबोट बसवायची परवानगी मागणाऱ्या प्रत्येक गोदामाला विचारा की तुमच्या नव्या जागांपैकी किती जागा तुमच्याच ठेका कामगारांना देणार, ते लिहून द्या.